'मेमेंटो' आणि तुमचा फोन: स्वतःच लिहिलेली नोट खोटी कशी ठरते?

आमिर खानचा 'गजनी' तुम्ही पाहिला असेलच. अंगभर गोंदलेली नावं आणि नंबर, पोलरॉइड फोटोंचा ढीग आणि दर १५ मिनिटांनी कोरी होणारी पाटी. हा हिंदी 'गजनी' २००८ च्या डिसेंबरमध्ये आला. त्याआधी २००५ मध्ये दिग्दर्शक ए. आर. मुरुगदास यांनीच तो सूर्याला घेऊन तमिळमध्ये केला होता. पण गोंदण आणि पोलरॉइडची ही आयडिया जिथून आली, तो सिनेमा म्हणजे ख्रिस्तोफर नोलनचा 'मेमेंटो'. सप्टेंबर २००० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. मूळ गोष्ट नोलनचा भाऊ जोनाथन याची. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या सरकारी यादीत, त्याची निवड झाली.

इथे सिनेमाचं काय काम, असं वाटेल. काम आहे. 'मेमेंटो'चा नायक आपली सगळी स्मृती डोक्याबाहेर ठेवतो: फोटोंमध्ये, चिठ्ठ्यांमध्ये, कातडीवर. आपणही तेच करतो, फक्त आपलं सगळं एका फोनमध्ये असतं. आणि त्याची सिस्टीम जिथे फुटते, नेमकी तिथेच आपलीही फुटू शकते. म्हणून हा सिनेमा मी एखाद्या सिस्टीमचं डिझाइन तपासावं तसा तपासणार आहे.

एक सूचना: पुढे शेवटासकट सगळी गोष्ट सांगितली आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, ११३ मिनिटांचाच आहे.

गोष्ट काय आहे?

लेनर्ड शेल्बी (गाय पिअर्स) हा सॅन फ्रान्सिस्कोमधला इन्शुरन्स तपासनीस. विमा दावा खरा की खोटा, हे शोधणं त्याचं काम. एका रात्री घरात घुसलेले लोक त्याच्या बायकोवर हल्ला करतात. त्या झटापटीत लेनर्डच्या डोक्याला मार लागतो. त्या रात्रीपर्यंतचं सगळं त्याला आठवतं, पण त्यानंतरचं काहीच टिकत नाही. काही मिनिटं गेली की समोरचा माणूस पुन्हा अनोळखी.

हल्लेखोर 'जॉन जी' नावाचा कुणीतरी आहे, एवढं धरून तो बदला घ्यायला निघालाय. त्यासाठी त्याने स्वतःची पद्धत बसवली आहे. भेटलेल्या माणसाचा पोलरॉइड काढायचा आणि त्याखाली किंवा मागे टीप लिहायची. बारीकसारीक गोष्टी कागदावर. आणि अतिशय महत्त्वाच्या, कधीच हरवू नयेत अशा गोष्टी अंगावर गोंदवून घ्यायच्या. त्याच्या आयुष्यात दोन माणसं आहेत: मित्र म्हणवणारा टेडी आणि नताली नावाची बारमध्ये काम करणारी बाई. दोघंही त्याला मदत करतात, आणि दोघंही त्याचा वापर करून घेतात.

सिनेमाची रचना पहिल्यांदा डोकं फिरवते. रंगीत सीन उलट्या क्रमाने येतात, आधी शेवटचा, मग त्याच्या आधीचा. मध्ये मध्ये ब्लॅक अँड व्हाइट सीन येतात, ते मात्र सरळ क्रमाने. शेवटी दोन्ही धागे एका जागी भेटतात, तिथे एक पोलरॉइड हळूहळू उमटतो आणि त्याबरोबर पडदाही रंगीत होतो.

एखाद्या ग्रुपमध्ये ३०० मेसेज पडलेत आणि तुम्ही खालून वर वाचत चाललाय, असं समजा. भांडण दिसतं, पण ते कशावरून सुरू झालं ते कळत नाही. प्रत्येक मेसेज वाचताना अंदाज बांधावा लागतो, आणि थोडं वर गेलं की तो अंदाज चुकतो. 'मेमेंटो' पाहताना अगदी हेच होतं. 'याच्या आधी काय झालं?' हे लेनर्डला माहीत नसतं, म्हणून नोलन ते आपल्यालाही कळू देत नाही.

'शॉर्ट टर्म मेमरी लॉस' हे नाव चुकीचं का?

'गजनी'मुळे 'शॉर्ट टर्म मेमरी लॉस' हा शब्द आपल्या तोंडी बसला. पण लेनर्डची शॉर्ट टर्म मेमरी ठणठणीत आहे. तो फोनवर गप्पा मारतो, गाडी चालवतो, बोलता बोलता आधीच्या वाक्याला धरून उत्तर देतो. बिघाड आहे तो त्या छोट्या स्मृतीतून कायमच्या स्मृतीत गोष्ट पोचवण्याच्या पायरीवर. याला अँटेरोग्रेड अ‍ॅम्नेशिया म्हणतात, म्हणजे नव्या आठवणी न बनणं.

खऱ्या आयुष्यातला याचा सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण म्हणजे अमेरिकेतले हेन्री मोलिसन. ते हयात असेपर्यंत वैद्यकीय पुस्तकांत ते फक्त 'एच. एम.' या अक्षरांनी ओळखले जायचे. तीव्र एपिलेप्सीसाठी १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी त्यांच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत रोजच्या घटनांची नवी आठवण त्यांच्यात जवळपास बनलीच नाही.

संशोधक ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या आहेत. पहिली: त्यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड करत तो किमान १५ मिनिटं धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे गेलं आणि आकडा गेला. दुसरी: आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायचा सराव दिला, तर दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय, पण हाताला सवय झालेली होती. म्हणजे मेंदूत स्मृतीचं एकच गोदाम नाही. घटना एकीकडे साठतात, सवयी दुसरीकडे.

मेंदूतून फोनमध्ये: रॅम आणि स्टोरेज

आता फोनकडे या. जाहिरातीत '८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज' असं लिहिलेलं असतं. रॅम म्हणजे आत्ता चाललेलं काम धरून ठेवणारी जागा. तिच्यात प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विजेच्या भाराच्या रूपात असतो, आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून चिपला एका सेकंदात कित्येक वेळा सगळं वाचून पुन्हा लिहावं लागतं. याला रिफ्रेश म्हणतात. वीज गेली की रिफ्रेश थांबला, सगळं साफ. स्टोरेजमध्ये, म्हणजे फ्लॅश मेमरीत, हाच भार इन्सुलेटरच्या आत कोंडून ठेवलेला असतो. त्यामुळे फोन बंद केला तरी फोटो जात नाहीत.

मोलिसन ५८४ हा आकडा मनात घोळवत होते, तो रिफ्रेशच होता. 'मेमेंटो'मध्ये लेनर्ड पेन शोधताना तेच करतो: लक्षात ठेव, लक्षात ठेव, दुसरीकडे लक्ष देऊ नको. रॅम आहे, स्टोरेजही आहे (हल्ल्याआधीच्या आठवणी शाबूत आहेत), पण स्टोरेजमध्ये नवं लिहायची वाट बंद झालीय. म्हणून बिचाऱ्याने बाहेरून मेमरी कार्ड लावलंय: कागद, फोटो, कातडी.

अँड्रॉइड अ‍ॅप बनवणं हे माझं रोजचं काम, आणि आमच्याकडे प्रत्येक अ‍ॅप थोडंफार लेनर्डच असतं. तुम्ही फॉर्म भरता भरता ओटीपी बघायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाता. रॅम कमी पडली तर अँड्रॉइड मागचं अ‍ॅप गुपचूप बंद करून टाकतं. तुम्ही परत येता तेव्हा ते अ‍ॅप नव्याने जन्मलेलं असतं. पण जाण्याआधी त्याला एक संधी मिळते: एका छोट्या पुडक्यात चार गोष्टी बांधून सिस्टीमकडे ठेवायला देता येतात. त्या पुडक्याचं कोडमधलं नावच 'बंडल' आहे. परत आल्यावर अ‍ॅप ते बंडल उघडतं आणि 'अच्छा, मी या पानावर होतो तर' म्हणून पुढे चालू लागतं. ज्या अ‍ॅपमध्ये हे नीट केलेलं नसतं, तिथे तुमचा अर्धा भरलेला फॉर्म कोरा होतो आणि तुम्ही डोक्याला हात लावता.

गंमत म्हणजे बंडल उघडणारं अ‍ॅप त्यातल्या मजकुरावर शंका घेत नाही. आत जे आहे ते आपणच ठेवलं असणार, असं ते धरून चालतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेबसाइट आणि चॅटबॉट: दोघंही लेनर्ड

वेब ज्या नियमांवर चालतं, त्या एचटीटीपीला स्मृती नाही. तुम्ही एका पानावर लॉगिन केलं आणि दुसऱ्या पानावर गेलात, तर सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही नवा माणूस. यावर नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये कुकी शोधली. सर्व्हर एक चिठ्ठी लिहून तुमच्या ब्राउजरकडे देतो, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउजर ती दाखवतो. सर्व्हर चिठ्ठी वाचून तुम्हाला 'ओळखतो'. हा सरळसरळ लेनर्डचा पोलरॉइड.

पण चिठ्ठी तर तुमच्याच हातात आहे. तुम्ही त्यात 'हा अ‍ॅडमिन आहे' असं लिहिलंत तर? म्हणून शहाणे डेव्हलपर कुकीमध्ये फक्त एक अवघड नंबर ठेवतात आणि खरी माहिती आपल्याकडे ठेवतात. किंवा कुकीवर गणिती सही करतात, मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. हातातली चिठ्ठी वाचण्याआधी ती आपलीच आहे का हे तपासायचं, ही वेबची जुनी शिकवण आहे.

आता एआय चॅटबॉट. बोलताना वाटतं की याला आपलं सगळं आठवतंय. प्रत्यक्षात मॉडेल तुमच्या गप्पांनी बदलत नाही. तुम्ही नवा मेसेज पाठवता तेव्हा आधीचा संवादही त्यासोबत पुन्हा मॉडेलपुढे ठेवला जातो, आणि ते सगळं नव्याने वाचून उत्तर देतं. वाचायची मर्यादा असते, तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात. संवाद त्यापेक्षा लांबला की जुना भाग गळतो किंवा त्याचा सारांश ठेवला जातो. काही चॅटबॉटमध्ये 'मेमरी' नावाची सोय असते. तीही बहुतेक वेळा टिपांची वही असते: 'यूजर पुण्यात राहतो, शाकाहारी आहे'. नवा संवाद सुरू झाला की वही उघडून समोर ठेवायची.

आणि या वहीत दुसऱ्या कुणी लिहिलं तर? २०२४ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने चॅटजीपीटीबाबत हे करून दाखवलं. चॅटबॉटला वाचायला दिलेल्या मजकुरात सूचना लपवून त्याच्या मेमरीत खोट्या नोंदी घालता येतात, आणि त्या पुढच्या संवादांतही वापरल्या जातात, असं त्यात दिसलं. चॅटबॉटला वाटतं, माझ्याच वहीत आहे म्हणजे खरं असणार.

लेनर्डची सिस्टीम कुठे कुठे फुटते?

आता सिनेमाकडे परत येऊ, कारण खरा माल इथे आहे. लेनर्डच्या पद्धतीवर सिनेमात किमान चार वेगवेगळे हल्ले होतात.

एक: लिहूच द्यायचं नाही. नताली एका सीनमध्ये घरातली सगळी पेनं गोळा करून पर्समध्ये टाकते. मग त्याच्या तोंडावर सांगते की मी तुझा वापर करणार आहे. त्याला आणि त्याच्या बायकोला घाणेरडं बोलून इतकं चिडवते की तो तिला मारतो. ती बाहेर जाऊन गाडीत बसते. तो आत वेड्यासारखा पेन शोधतोय, मिळत नाही. थोड्या वेळाने ती परत येते आणि तिला दुसऱ्याच कुणीतरी मारलं असं सांगते. तो तिच्यासाठी त्या माणसाच्या मागे लागतो. नोंद झाली नाही, म्हणून घटना घडलीच नाही.

दोन: दुसऱ्याची चिठ्ठी आपली समजणं. लेनर्डच्या अंगावरचा सूट मुळात जिमी नावाच्या माणसाचा आहे, त्यालाच लेनर्डने मारलेलं आहे. खिशात बारमधला एक कोस्टर सापडतो, त्यावर नतालीने जिमीसाठी लिहिलेला निरोप आहे. लेनर्डला वाटतं की तो आपल्यासाठीच. कुणी, कुणाला, कधी हे चिठ्ठीवर नाही, त्यामुळे अस्सल चिठ्ठी असूनही अर्थ पूर्ण चुकतो. ती जर खोटी असती तर निदान तपासून पकडता आली असती.

तीन: पानं गायब. लेनर्डकडे पोलिसांची केस फाइल आहे, पण तिच्यातली १२ पानं नाहीत. टेडीचं म्हणणं, ती लेनर्डनेच काढून टाकली. उरलेल्या प्रत्येक पानावरचा शब्द खरा असू शकतो. तरी फाइल खोटं बोलते.

चार: मालकच फितूर. हा सिनेमाचा गाभा. शेवटच्या सीनमध्ये टेडी त्याला सांगतो की खरा हल्लेखोर आपण वर्षभरापूर्वीच शोधला, तू त्याला मारलंस, आणि विसरलास. हे ऐकून लेनर्ड काय करतो? तो पुरावा ठरणारे फोटो जाळतो. टेडीच्या फोटोवर, याच्या थापांवर विश्वास ठेवू नको अशा अर्थाची टीप लिहितो. आणि टेडीच्या गाडीचा नंबर पुढचं 'सत्य' म्हणून गोंदवायला निघतो. त्याला पूर्ण कळतंय की काही मिनिटांनी मी हे विसरेन, उद्या हा नंबर माझ्या मांडीवर पाहीन, आणि माझंच अक्षर म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवीन. टेडी खरं बोलतोय का, हेही सिनेमा पक्कं सांगत नाही. पण टेडीचा खून कुणामुळे झाला हे पक्कं आहे. लेनर्डने स्वतःलाच फसवून स्वतःकडून करून घेतला.

आता हे इंजिनिअरच्या नजरेने पाहा. गोंदण म्हणजे जगातली सगळ्यात सुरक्षित नोंद. पुसता येत नाही, हरवत नाही, दुसरा कुणी गुपचूप बदलू शकत नाही, कायम अंगावर असते. गाडीचा नंबरही बरोबर आहे. नोंदीत काहीच छेडछाड झालेली नाही. तरी ती खोटी आहे, कारण लिहितानाच खोट्या हेतूने लिहिली.

माणसाची आठवण तरी कुठे पक्की असते?

लेनर्डचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. तो टेडीला सांगतो की आठवणींवर भरवसा ठेवू नये, त्या खोलीचा आकार बदलतात, गाडीचा रंग बदलतात. विज्ञान त्याच्या बाजूने आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना चक्काचूर झाल्यासारखा जोरदार शब्द वापरला. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

२००० मध्ये, म्हणजे 'मेमेंटो' आला त्याच वर्षी, करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवणही जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. फाइल नुसती उघडून बंद होत नाही, ती दर वेळी 'सेव्ह' होते. मधल्या वेळात तिच्यात बदल होऊ शकतो.

म्हणूनच आपल्याला फोनमधली नोंद जास्त पक्की वाटते. पण ती तितकी पक्की आहे का?

आपल्या फोनमधले पोलरॉइड

समजा, रूम सोडताना डिपॉझिटवरून वाद झालाय, किंवा ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोण काय म्हणालं यावरून. तुम्ही म्हणता, 'थांब, चॅटच दाखवतो.' आता बघा:

- व्हॉट्सअ‍ॅपवर मे २०२३ पासून पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो. 'एडिटेड' असं दिसतं, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. (१५ मिनिटं! 'गजनी' आठवला ना?)
- 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं तर निदान मेसेज डिलीट झाल्याची खूण राहते. 'फक्त माझ्यासाठी डिलीट' केलं तर माझ्या फोनवर ती खूणही राहत नाही. मी माझे तीन उद्धट मेसेज असे काढून मग स्क्रीनशॉट घेतला, तर त्यातला प्रत्येक शब्द खरा असेल. फाइलमधून १२ पानं काढण्यासारखंच हे.
- फोटोमध्ये तारीख, वेळ, जागा अशी माहिती लपलेली असते, पण ती साध्या अ‍ॅपने बदलता येते. गूगल फोटोजमध्येच तारीख बदलायची सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही माहिती गळून जाते.
- २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये 'बेस्ट टेक' नावाची सोय आली. लागोपाठ काढलेल्या फोटोंमधून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडून एकच ग्रुप फोटो बनवायचा. सगळे हसतायत असा तो क्षण मुळात आलेलाच नसतो, पण वीस वर्षांनी आपण तोच 'आठवू'.

यातलं बहुतेक काही फसवणूक नाही. टायपो दुरुस्त करणं, डोळे मिटलेला चेहरा बदलणं, ब्रेकअपनंतर फोटो काढून टाकणं, हे माणसं करणारच. फक्त नंतर त्याच गॅलरीकडे पुरावा म्हणून बघताना आपण केलेल्या काटछाटीचा आपल्याला पत्ता नसतो.

इंजिनिअर लोक यावर काय करतात?

पहिला उपाय: खोडायचं नाही, फक्त पुढे लिहायचं. बँकेच्या खात्यात चुकीची एंट्री पडली तर ती पुसत नाहीत, उलटी एंट्री टाकतात. आमच्या लॉग फाइलही शक्यतो तशाच असतात.

दुसरा उपाय: हॅश. कोणतीही फाइल एका ठरलेल्या गणितातून काढली की तिचा एक ठसा मिळतो. 'शा-२५६' या पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. आम्ही कोडसाठी वापरतो त्या 'गिट'मध्ये प्रत्येक नोंदीच्या ठशात आधीच्या नोंदीचा ठसा मिसळलेला असतो. मधलं एक पान बदललं की त्यापुढचे सगळे ठसे बदलतात आणि चोरी उघडी पडते.

कायद्यानेही हे मान्य केलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे.

पण हॅश काय सांगतो ते नीट समजून घ्या. ठसा घेतल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच. आत लिहिलेलं खरं आहे का, ते तो सांगू शकत नाही. लेनर्डचं गोंदण हॅशच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास झालं असतं. खरेखोटेपणासाठी लागतो दुसरा साक्षीदार, ज्याची नोंद आपल्या हातात नाही. लेनर्डकडे तोच नव्हता. त्याने सगळी माणसं काढून टाकून फक्त स्वतःच्या अक्षरावर भरवसा ठेवला.

मग आपण काय करायचं?

- नोट लिहिताना कारण लिहा. 'रोहनला पैसे देऊ नको' ही लेनर्डछाप नोट. कुणी सांगितलं, कशावरून, कुठल्या तारखेला, हे एका ओळीत जोडा. सहा महिन्यांनी वाचणारे तुम्ही वेगळेच असाल, त्याला तपासायला काहीतरी ठेवा.
- स्क्रीनशॉट हा पुरावा समजू नका. 'पेमेंट केलं' असा स्क्रीनशॉट किंवा बँकेसारखा दिसणारा एसएमएस आला, तर आपल्या बँकेच्या किंवा यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन पैसे जमा झालेत का बघा. चुकून जास्त पाठवले, परत करा असा फोन आला तर तर नक्कीच. फसलात तर लगेच १९३० वर कॉल करा.
- महत्त्वाचं बोलणं दोन ठिकाणी ठेवा. डिपॉझिट, भाडं, पगार असं काही तोंडी ठरलं की त्याच दिवशी समोरच्याला ईमेल करा आणि 'बरोबर आहे' असं उत्तर मागवा. आता नोंद दोघांकडे आहे, एकट्याला बदलता येणार नाही.
- वाद झाला तर मूळ चॅट ठेवा. एक्सपोर्ट केलेली चॅट ही साधी टेक्स्ट फाइल असते, ती कुणीही बदलू शकतं. मूळ फोन आणि मूळ संवाद सांभाळा. फोटो पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- चॅटबॉटची मेमरी अधूनमधून वाचा. सेटिंगमध्ये नोंदी दिसतात. ओळखीच्या नसतील त्या काढा.
- रागात असताना डिलीट करू नका. भांडणानंतर चॅट साफ करावीशी वाटते. आर्काइव्ह करा, चार दिवस जाऊ द्या. त्या वेळी काय पुसलं हे पुढच्या तुम्हाला कळणार नसतं.

'मेमेंटो' पुन्हा पाहाल तेव्हा कथा जुळवत बसू नका. फक्त प्रत्येक फोटो, प्रत्येक चिठ्ठी दिसली की तीन प्रश्न विचारा: हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि लिहिणाऱ्याला त्या वेळी काय हवं होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलंच अ‍ॅप देणार नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं. आणि लिहिणारे आपण स्वतः असलो, तरी तो प्रश्न टाळू नका.